पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. एआयकडून कोड लिहून घ्यायचा, रोज एका नव्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घ्या अशी विनंती) पाठवायची आणि प्रोफाइल भरून काढायची. माझं ऐकशील तर हे करू नकोस.

तुझा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, दहा मिनिटांत तयार होईल, पण तो तपासताना मेंटेनरचा, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचा, तास जाईल. यातले कितीतरी जण नोकरी सांभाळून, विनामोबदला हे काम करतात. डॅनियल स्टेनबर्ग 1998पासून कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याचं साधन सांभाळताहेत. एआयने रचलेल्या, वरून भारदस्त आणि आतून पोकळ अशा तक्रारींना कंटाळून जानेवारी 2026च्या अखेरीस कर्लने बग बाउंटीच, म्हणजे दोष शोधणाऱ्याला बक्षीस देण्याची योजनाच, बंद केली. त्याआधी, 2025मध्ये, एका जाणकाराने एआय साधनं वापरूनच कर्लमधले कितीतरी खरे दोष दाखवले होते, आणि स्टेनबर्ग यांनी त्याचं उघड कौतुक केलं होतं. तेव्हा माझा राग साधनावर नाही. न वाचता पुढे ढकलण्यावर आहे.

वेगाचं म्हणशील, तर त्याचा आपला अंदाज फार फसवा असतो. मेटर या संस्थेने 2025मध्ये 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही आपण 20 टक्के जास्त वेगाने काम केलं असंच त्यांना वाटत होतं. माणसं थोडी, साधनं तेव्हाची, हे मान्य. तरी घड्याळ लावून काम करून बघ.

आता एक्सझेड या, फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाची गोष्ट. तो प्रकल्प जवळजवळ एकट्याने ओढणारा मेंटेनर थकला होता. मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षं पॅच पाठवून विश्वास कमावला आणि 5.6.0 आवृत्तीत चोरवाट, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची सोय, घुसवली. मार्च 2024मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे डेव्हलपर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे दुसऱ्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांना खटकलं. दुसरा कुणी दुर्लक्ष करून पुढे गेला असता. ते मुळाशी गेले आणि चोरवाट सापडली. असं खटकायला आधी नेहमीचं वागणं अंगवळणी पडलेलं असावं लागतं. म्हणून रोज नवा प्रकल्प नको. एकच धर, तूही रोज वापरतोस असा.

त्याचे नियम आधी वाच. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पांनी 2024मध्येच एआयने लिहिलेल्या कोडला मनाई केली; नेटबीएसडीत तो आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. मग एखादा जुना, कुणी हात न लावलेला बग घे आणि तो तुझ्या मशीनवर घडवून आण. तो पकडणारी, आज फेल होणारी टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, स्वतः लिही. त्यानंतर, नियमात बसत असेल तर, खुशाल एआयची मदत घे. डिफमधली, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीतली, एखादी ओळ का आहे हे सांगता आलं नाही, तर ती काढ आणि टेस्ट पुन्हा चालव.

ती फेल होणारी टेस्ट आधी मला पाठव. पॅचचं नंतर बघू.