डोमेन नावांच्या (म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांच्या) सट्टेबाजीवर सरकारने निर्बंध घालावेत का?

माझं मत: खरेदी-विक्रीवर नको, साठेबाजी फुकटात होते तिथे हवेत.

2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉम हे नाव 3 कोटी डॉलरला विकलं गेलं. यात कोणाचं नुकसान झालं? साधा इंग्रजी शब्द, विकणाराही राजी, घेणाराही राजी. हायवे होणार म्हणून आधीच जमीन घेऊन ठेवणारे आपल्याकडे कमी आहेत का!

दुसऱ्याचं नाव बळकावून पैसे मागणं मात्र वेगळं, आणि त्यावर उपाय आहेत. डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेची यूडीआरपी ही तंटा सोडवायची पद्धत 1999 पासून आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2004 मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. अडचण खर्चाची. यूडीआरपीत एका नावासाठी एका पंचाची फीच 1500 डॉलर. घरून फराळ विकणाऱ्या बाईंनी ती कुठून आणायची? त्या मुकाट्याने नावापुढे ‘पुणे’ जोडून मोकळ्या होतात.

खरा धडा ‘डोमेन टेस्टिंग’चा. नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत केलं की पैसे परत, म्हणून लोक लाखो नावं उचलायचे, जाहिराती लावून बघायचे आणि सोडून द्यायचे. 2008-09 मध्ये आयकॅनने मर्यादेपलीकडच्या परताव्यांवर शुल्क लावलं आणि हा धंदा जवळजवळ संपला. ना कायदा, ना कोर्ट. तसंच शेकडो नावं नुसती अडवून ठेवणाऱ्यांसाठी नूतनीकरणाचे दर चढते ठेवून बघायला काय हरकत आहे?