घराबाहेरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला आयपी६६ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) पुरतं की आयपी६७च हवं? आणि वरून वेगळं हाउसिंग (कॅमेऱ्याभोवतीची संरक्षक पेटी) घ्यावं का?

आयपी६६ पुरतं, आणि कॅमेराच आउटडोअर असेल तर वेगळ्या हाउसिंगवर पैसे घालवू नका. हे आकडे आयईसी ६०५२९ या स्टँडर्डमधले आहेत, पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, दुसरा ६ म्हणजे जोरदार फवारा सहन होतो, आणि ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून घेतलेली टेस्ट, आता भिंतीवरचा कॅमेरा बुडणार कुठे? इनडोअर कॅमेरा हाउसिंगमध्ये घालून बाहेर लावायचा जुगाड तर नकोच, रात्री आयआरचा (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातल्या इन्फ्रारेड दिव्यांचा) उजेड हाउसिंगच्या काचेवरून परत लेन्सवर येतो आणि चित्र पांढरं होतं. डोम कॅमेऱ्याच्या घुमटासारख्या पारदर्शक कव्हरवर धूळ किंवा थेंब बसले की तोच त्रास, म्हणून बाहेर टरेट (घुमटाचं कव्हर नसलेला गोलसर) किंवा बुलेट (लांबट नळीसारखा) कॅमेरा बरा.

खरं पाणी शिरतं ते कॅमेऱ्यात नाही, मागच्या वायरच्या जॉइंटमध्ये, आणि तिकडे कोणी बघतच नाही. त्यासाठी:
- जॉइंट वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये, लॅनच्या (नेटवर्क केबलच्या) कनेक्टरवर सोबत आलेली रबरी टोपी
- वायर आत घ्यायच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं

एक मात्र आहे, आयपी रेटिंग ऊन आणि खाऱ्या हवेबद्दल काहीच सांगत नाही. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलची बॉडी किंवा गंजरोधक कोटिंग बघा, कडक ऊन असेल तर ऑपरेटिंग टेंपरेचर वाचून घ्या.