ऑनलाइन चर्चेत मुलं ‘सहमत’च्या पुढे का जात नाहीत?

शहाद्याच्या ताईंनी विचारलंय की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या ऑनलाइन वर्गात चर्चेला विषय दिला की मुलं ‘सहमत’, ‘छान माहिती’ एवढंच लिहितात. प्रत्येक प्रतिक्रियेला गुण ठेवूनही फरक पडला नाही. खान्देशातल्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, मुलांना आळशी ठरवण्याआधी दिलेला प्रश्न तपासा. ‘जलसंधारणाचे महत्त्व सांगा’ याचं उत्तर पुस्तकात छापलेलं आहे. पहिल्या मुलाने ते उतरवलं की बाकीच्यांना सहमत होण्याशिवाय करण्यासारखं काही उरत नाही. प्रश्न असा हवा की प्रत्येकाकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेलं काहीतरी असेल. उदाहरणार्थ, ‘तुमच्या गावात आज बोअरला किती फुटांवर पाणी लागतं, आजोबांच्या काळी विहिरीला किती फुटांवर लागायचं आणि हा फरक कशामुळे पडला असावा? घरी विचारून लिहा.’ यावल-रावेरकडचा मुलगा केळी आणि खोल गेलेल्या बोअरबद्दल लिहील, अक्कलकुव्याची मुलगी डोंगरातल्या झऱ्याबद्दल. ही दोन उत्तरं सारखी येणारच नाहीत, आणि मग एकमेकांचं वाचावंसंही वाटतं.

दुसऱ्या फेरीत मतभेदाला जागा द्या. पांझरा नदीवरच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीचा विषय यासाठी फार चांगला आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाणी फिरवायचं, हे मुलांना आधी थोडक्यात सांगा. मग विचारा, ‘तुमच्या वावरात कोणतं पीक घ्यायचं हे सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून ठरवलेलं तुम्हाला चालेल का?’ ज्याच्या घरी स्वतःचा बोअर आहे आणि ज्याची शेती पावसावर आहे, ते दोघं इथे एकमेकांशी खरोखर भांडतात. प्रतिक्रियेला एकच अट ठेवा: समोरच्याने लिहिलेल्या एखाद्या गोष्टीवर त्याला प्रश्न विचारायचा. त्याचं लिहिलेलं नीट वाचल्याशिवाय असा प्रश्न सुचतच नाही.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची कितीतरी मुलं घरी अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलतात. शुद्धलेखन चुकेल, सगळ्या वर्गासमोर हसं होईल, या भीतीने ती ‘हो सर’वर थांबतात. चर्चेत त्यांना घरच्या भाषेत लिहू द्या, लिहायला संकोच वाटत असेल तर आवाजी संदेश पाठवू द्या. एखाद्याने ‘आमना गावमा आजून पाट शे’ एवढंच लिहिलं तरी वाक्य दुरुस्त करू नका, पाट कुठून कुठे जातो ते विचारा. प्रमाण मराठी परीक्षेच्या उत्तरात शिकवता येते, त्यासाठी चर्चेतलं त्याचं तोंड बंद करायची गरज नाही.

आणि थोडं थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि जास्त मुलं बोलतात. ऑनलाइनमध्ये नेट अडखळतं, माईक चालू करण्यात वेळ जातो, म्हणून याहूनही जास्त थांबावं लागतं. थेट तासाला मी सगळ्यांना उत्तर टाइप करायला सांगतो, पण पाठवायचं मी सांगेन तेव्हाच. त्यामुळे हुशार मुलाचं उत्तर पाहून कुणी आपलं पुसत नाही. लेखी चर्चेत पहिले दोन दिवस तुम्ही स्वतः काही लिहू नका. बाईंचं मत आलं की चर्चा तिथेच संपते.

प्रतिक्रिया मोजून गुण देणं मात्र लगेच बंद करा. मोजाल तेवढ्याच येतील, आणि तशाच येतील. त्याऐवजी शेवटी प्रत्येकाला चार ओळी लिहायला लावा: कुणाच्या कोणत्या माहितीमुळे माझं मत बदललं किंवा पक्कं झालं. गुण त्या चार ओळींना.

मुदत आठवडाभराची ठेवा. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतात किंवा बाजारात असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मुलं स्वतःच वावरात असतात. संध्याकाळची मुदत दिलीत तर नेमक्या बोलू पाहणाऱ्या मुली आधी गळतात, कारण घरातला फोन त्यांच्या हाती सगळ्यात शेवटी येतो.