आर्केड कॅबिनेटचा एकच स्विच

मित्रा, गेमच्या आर्केड कॅबिनेटमधलं सगळं एकाच स्विचने चालू-बंद करायचं असेल, तर स्विच विकत घेण्याआधी मॉनिटर तपास. तो चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लाव. आपोआप उजळला तरच एका स्विचवर काम भागेल. काही मॉनिटर स्टँडबायमध्येच अडकतात.

आत एक्स्टेंशन बोर्ड ठेव आणि त्याच्या आधी फ्यूज व स्विच लाव; ही दोन्ही फेजच्या वायरवरच हवीत. २३० व्होल्ट आहेत, अर्थिंग सोडू नकोस. जोडणी इलेक्ट्रिशियनला दाखवच.

रास्पबेरी पायची, म्हणजे गेम चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाची, वीज मात्र थेट तोडू नकोस. माझी दोन मेमरी कार्डं अशीच गेली, मुलांचे सगळे सेव्ह केलेले गेम त्यातच होते. बोर्डावरच्या जीपीआयओ ३ आणि ग्राउंड या पिनांमध्ये छोटं पुश बटण लाव, कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउन ओव्हरले (बटणाला बंद करायचं काम देणारी सेटिंगची ओळ) टाक. त्याच बटणाने रास्पबेरी पाय नीट बंद होतो, पुन्हा सुरूही होतो. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच मोठा स्विच बंद कर.