गिअर ऑइल घरीच बदलतोयस? मग हे वाच

थार असो वा जिम्नी, आधी तेल भरायचा वरचा बोल्ट सैल होतोय का बघ, मगच जुनं तेल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट उघड. उलटं केलंस आणि वरचा अडकला, तर तेल सांडलेलं आणि गाडी जागेवर!

गाडी थोडी फिरवून आण. कोमट तेल पटकन उतरतं. मग सपाट जागेवर चारही चाकं समपातळीत ठेव. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नकोस, स्टँड लाव.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग), पुढचा-मागचा डिफरन्शियल (वळताना डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग), चौघांना एकच तेल चालेल असं समजू नकोस. मॅन्युअलमधला ग्रेड पाळ. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ओतलंस तर पितळी सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्या) खराब होऊ शकतात. दुकानदार 'चालतंय की' म्हणेलच.

जुनं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची वाट) आणि सील (तेल गळू न देणाऱ्या रिंगा) तपास.