शेतीमुळे हरितगृह वायू वाढतात म्हणतात, ते नेमके कशातून? आपल्याकडच्या लहान शेतकऱ्याचा त्यात किती वाटा?

वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. भारताच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे 14 टक्के शेतीतून येतात. 2016 च्या सरकारी हिशेबात त्यातला निम्म्याहून जास्त भाग जनावरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा होता. त्याखालोखाल खत घातलेल्या जमिनी आणि भातखाचरं. कारखान्यात युरिया बनताना जळणारा गॅस आणि पाण्याच्या मोटारीची वीज यांचा हिशेब वेगळ्या खात्यात जातो.

माझं शेत निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठी. ऊस, सोयाबीन आणि दोन म्हशी. त्यामुळे इथलंच सांगतो.

भाताला सगळीकडे एकच माप लावू नका. पाणी तुंबून मातीतली हवा संपली की मिथेन होतो. खानापूर, बेळगाव भागात धूळवाफ पेरणी होते, म्हणजे चिखलणी न करता भात कोरड्या मातीतच पेरतात. पाणी साचून राहण्याचे दिवस जितके कमी, तितका मिथेन कमी.

म्हैस विका असं मी कुणालाच सांगणार नाही. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावर घर चालतं. पण तोडणीच्या हंगामात नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांवर, जनावर ठेवलं की दूध घटतं आणि लिटरमागे मिथेन वाढतो. हिरवी वैरण आणि थोडी पेंड दिली की तोच आकडा खाली येतो.

आमच्या हातातली खरी गोष्ट म्हणजे युरिया. 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20 किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं. सर्वसाधारण ठोकताळ्यानं त्यातला शंभरावा भाग, म्हणजे दोनशे ग्रॅम नत्र, नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो; त्यातल्या ऑक्सिजनचं वजन धरून पोत्यामागे तीनेकशे ग्रॅम वायू. ऐकायला किरकोळ वाटतं. पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो, म्हणजे एका पोत्याची झळ 80-90 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी! उसाला एकरी किती पोती पडतात ते तुम्हीच मोजा. ओल्या रानात फोकून दिलेल्या युरियातलं बरंच नत्र पिकाला मिळतच नाही. हप्ते पाडून, मातीआड करून द्यावा. सोयाबीन स्वतःचं नत्र बरंचसं स्वतःच धरतं, म्हणून उसानंतर ते घ्यायचं मी सोडत नाही.

दुसरी गोष्ट उसाचा पाला. पेटवला की मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हवेत जातात, पाल्यातलं नत्रही जळतं आणि ते भरून काढायला पुन्हा युरियाच आणावा लागतो. आम्ही आता एकाआड एक सरीत पाला दाबतो, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्याचं पुढचं पीक, त्यातूनच फुटतो. ओल टिकते, म्हणून मोटारही कमी चालते. पहिल्या वर्षी मात्र पाणी पाजताना फार त्रास झाला, पाला सरीत अडून पाणी पुढं सरकेना.

शेजारच्या रानात पेटवलं की आग आमच्या बांधापर्यंत येते. म्हणून तोडणी टोळी येण्याआधीच मी शेजाऱ्यांकडे जाऊन बोलून येतो.