दिव्याचा खांब कोणाचा आणि परवानगी कोणाची?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे रस्त्याकडेच्या दिव्यांच्या खांबांवर लावायच्या फलकांविषयी आहेत. उत्सवाचे दिवस जवळ आले की असे होतेच. खालील उत्तरे इंग्लंडपुरती आहेत. वेल्समध्ये १९९२ चे आणि स्कॉटलंडमध्ये १९८४ चे वेगळे नियम असल्यामुळे तिथल्या वाचकांनी यातले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवासाठी गावातल्या मुख्य बाजारपेठेतील चोवीस खांबांवर अडीच मीटर उंच आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद कापडी फलक लावायचे ठरवले. डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या खिडकीवर चौकशी केली, तेव्हा 'यासाठी प्लॅनिंग परमिशन लागत नाही' असे उत्तर मिळाले. फलक छापून घेतले, आठ खांबांवर बांधलेही, आणि तिसऱ्या दिवशी काउंटी कौन्सिलचे पत्र आले की फलक विनापरवाना आहेत, ते उतरवावेत. एक कौन्सिल हो म्हणते, दुसरी नाही म्हणते. आम्ही ऐकायचे कोणाचे? – एका मंडळाच्या कार्यवाह

उत्तर : दोघांचेही, कारण दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आहेत, आणि आपण विचारायला हवा होता तो प्रश्न तिसराच होता. घरामागे खोली वाढवण्यापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्यालाच आपण 'प्लॅनिंग परमिशन' म्हणतो. जाहिरातींसाठी मात्र कायद्याने निराळी वाट ठेवली आहे. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याचे कलम २२२ सांगते की जाहिरातींच्या नियमांना धरून लावलेल्या फलकाला प्लॅनिंग परमिशन मिळालेलीच आहे असे मानावे. खिडकीवर मिळालेले उत्तर त्यामुळे शब्दशः खरे होते. 'नियमांना धरून' ही अट तेवढी त्यात आली नाही, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

हे नियम ६ एप्रिल २००७ पासून लागू आहेत. त्यांच्याखाली फलकाला जी मान्यता लागते तिला जाहिरात संमती म्हणतात, आणि ती दोन प्रकारांनी मिळते. काही ठरावीक वर्गांतल्या फलकांना ती अर्ज न करताच मिळाल्याचे मानले जाते; बाकीच्यांना रीतसर अर्ज करून ती घ्यावी लागते. धार्मिक, सांस्कृतिक किंवा सामाजिक स्वरूपाच्या आणि नफ्यासाठी न भरवलेल्या स्थानिक कार्यक्रमांसाठी 'तीन-ड' नावाचा एक वर्ग आहे, आणि आपला उत्सव त्या वर्णनात चपखल बसतो. फलक मात्र बसत नाही. या वर्गात फलकाचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटरपेक्षा जास्त चालत नाही, त्याचा कोणताही भाग सर्वसाधारणपणे जमिनीपासून ४.६ मीटरच्या वर जाता कामा नये, कार्यक्रमाच्या २८ दिवसांपेक्षा आधी तो लावता येत नाही आणि कार्यक्रम संपल्यावर १४ दिवसांच्या आत काढावा लागतो. आपला फलक दोन चौरस मीटरचा, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून मोठा आहे. त्याला अर्ज करूनच संमती घ्यायला हवी होती. 'आम्ही काही विकत नाही, मग ही जाहिरात कशी?' असा मुद्दा आपण पत्राच्या शेवटी मांडला आहे, पण कायद्यातल्या व्याख्येत जाहिरातीबरोबर नुसती घोषणा आणि दिशादर्शनही येते. उत्सवाचे नाव आणि तारीख छापली की ती घोषणा झाली.

आता काउंटीच्या पत्राकडे येऊ. दोन स्तरांच्या कौन्सिली असलेल्या भागात नियोजनाचे काम डिस्ट्रिक्टकडे आणि रस्त्यांचे काउंटीकडे असते, आणि दिव्याचा खांब हा सहसा रस्त्याचा भाग असतो. प्रत्येक जाहिरात संमतीला, अर्ज करून मिळालेल्या असो वा आपोआप मिळालेल्या, पाच प्रमाण अटी चिकटलेल्या असतात, आणि त्यांतली पहिलीच अट जागेच्या मालकाच्या परवानगीची आहे. म्हणजे आपण वहीच्या पानाएवढा कागद खांबाला बांधला असता, तरी मालकाला न विचारता तो नियमात बसला नसता. त्याशिवाय १९८० च्या हायवेज कायद्याचे कलम १३२ रस्त्यातल्या कोणत्याही झाडावर वा बांधकामावर हायवे अथॉरिटीच्या, म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संमतीवाचून अक्षर, चित्र किंवा खूण लावणे हा गुन्हा ठरवते. काउंटीचे पत्र या बाजूने आले आहे, आणि ते बरोबर आहे.

सध्या फलक उतरवावेत, तसे लेखी कळवावे, आणि मग दोन्ही दारे वाजवावीत. खांब कोणाचा हे आधी पक्के करून घ्यावे, कारण लहान गावांत काही दिवे पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे गावपातळीवरच्या कौन्सिलच्या, मालकीचे असतात आणि लंडनमध्ये बरोच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक कौन्सिलच्या, रस्त्यांवरचे खांब बरोचे, तर लाल रेषांच्या मुख्य रस्त्यांवरचे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे. बहुतेक खांबांवर क्रमांकाची पट्टी असते. तो क्रमांक पत्रात घातला की उत्तर लवकर येते. एकच कौन्सिल दोन्ही कामे पाहत असेल, तिथेही खाती दोन असतात आणि एकाचा होकार दुसऱ्याला बांधत नाही.

प्रश्न : खांबांची मालकी असलेल्या खात्याने आमच्याकडे प्रत्येक खांबासाठी अभियंत्याचा दाखला मागितला आहे. कापडाचा तुकडाच तर आहे, वजन दोन किलोही भरणार नाही. ही नुसती अडवणूक नाही का? – एक उत्सवप्रमुख

उत्तर : नाही, आणि पाचही पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो हाच प्रश्न. खांबाला फलकाचे वजन जड जात नाही, त्याला वारा जड जातो. दिव्याच्या खांबांचे आरेखन बीएस ईएन ४० या मानकांनुसार होते. त्यात खांब आणि दिवा यांच्यावर येणारा वारा धरलेला असतो. फलकासाठी म्हणून खांब मागवला नसेल, तर फलकाचे क्षेत्रफळ त्या हिशेबात नसते. आता साधे गणित पाहा. दोन चौरस मीटरचा ताठ बांधलेला फलक आणि ताशी ९० किलोमीटरचा झोत धरला, तर फलकावर सुमारे ९०० न्यूटन, म्हणजे नव्वदेक किलो वजनाइतका जोर आडवा येतो. फलकाचा मध्य जमिनीपासून पाच मीटरवर असेल, तर खांबाच्या बुडाशी त्याचा वाकवणारा परिणाम साडेचार हजार न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे 'गेल्या वर्षी काही झाले नाही' या वाक्याला इथे फारशी किंमत नाही.

आणि हा सगळा भार येतो तो खांबाच्या सर्वांत दुबळ्या भागावर. विजेच्या जोडणीसाठी खांबाच्या बुडाजवळ लहान दार कापलेले असते, तिथे पोलाद आधीच कमी झालेले असते. त्याच्याखाली, जमिनीच्या पातळीला, पाणी आणि हिवाळ्यातले मीठ यांनी गंज धरतो, आणि तो रंगाखाली असल्याने वरून दिसत नाही. पंचवीस वर्षे उभा असलेला खांब नव्या खांबाइतका भार घेईल असे धरून कोणताही जबाबदार अधिकारी सही करणार नाही. जुन्या काँक्रीटच्या खांबांना तर अनेक ठिकाणी सरसकट नकारच मिळतो.

यावर उपाय आहेत. वारा वाढल्यावर वाकणारे लवचीक किंवा स्प्रिंगचे हात वापरले, तर खांबावर येणारा जोर बराच उतरतो. फलक अरुंद घ्यावा आणि शक्य तितका खाली, पण पादचाऱ्यांच्या डोक्याला लागणार नाही इतका वर लावावा. हात पदपथाच्या बाजूला असावा, म्हणजे दुमजली बस किंवा उंच ट्रक त्याला घासणार नाही. कापडाला अर्धचंद्राकार चिरा पाडल्या की वारा निघून जातो ही समजूत मात्र फारशी खरी नाही. चिरांनी जोर थोडाच कमी होतो आणि कापड तिथूनच फाटू लागते. दाखल्याबरोबर मंडळाकडे सार्वजनिक दायित्वाचा विमाही मागितला जाईल, आणि ती रक्कम बहुतेक ठिकाणी ५० लाख किंवा १ कोटी पौंडांची असते. विम्याच्या कागदात 'रस्त्यावरील खांबांना लावलेले फलक' असे स्पष्ट शब्द आहेत का, हे हप्ता भरण्यापूर्वी वाचून घ्यावे. सभागृहातल्या कार्यक्रमाचा विमा रस्त्यावर चालेलच असे नाही.

प्रश्न : फलकावरचा मजकूर देवनागरीत असेल तर परवानगी नाकारली जाऊ शकते का?

उत्तर : नियोजन खात्याकडून, केवळ लिपीमुळे, नाही. जाहिरातीचा अर्ज दोनच कसोट्यांवर तपासला जातो : परिसराची शोभा आणि सार्वजनिक सुरक्षितता. मजकूर, विषय किंवा मांडणी यांच्यावर बंधन घालायचे असेल, तर तेही या दोन कारणांसाठीच घालता येते. फलकामुळे वाहतुकीची खूण, सिग्नल किंवा सुरक्षेचा कॅमेरा झाकला जात असेल तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अक्षरे मराठी आहेत हा नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी : उत्सव किती चांगला आहे किंवा त्याने बाजारपेठेला किती फायदा होतो, हेही या दोन कसोट्यांत बसत नाही. मंडळांचे अर्ज मी पाहिले आहेत, त्यांत संस्कृतीवर दोन पाने असतात आणि खांबापासून सिग्नल किती अंतरावर आहे याची एक ओळही नसते. खांबाचा मालक मात्र मालक म्हणून स्वतःच्या अटी घालू शकतो, आणि बहुतेक कौन्सिलींचे याविषयी छापील धोरण असते.

प्रश्न : मी दुकानदार आहे. एका संस्थेला मी देणगी दिली आणि त्यांनी फलकांच्या तळाशी माझ्या दुकानाचे नाव छापले. फलक कुठे लागणार हे मला सांगितले नव्हते. आता कौन्सिलने मलाच नोटीस पाठवली आहे. मी तर एकाही खांबाला हात लावलेला नाही.

उत्तर : १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायद्याच्या कलम २२४ मध्ये फलक लावणाऱ्यांत दोघांना धरलेले आहे : ज्याच्या जागेवर फलक लागला तो, आणि ज्याच्या मालाची वा धंद्याची त्यातून प्रसिद्धी होते तो. आपले नाव दुसऱ्या प्रकारात आले. गुन्हा सिद्ध झाला तर दंड २,५०० पौंडांपर्यंत होऊ शकतो, आणि त्यानंतरही फलक तसाच राहिला तर दर दिवसाला २५० पौंडांपर्यंत. पण त्याच कलमात बचावही आहे. फलक आपल्या नकळत लागला, किंवा तो लागू नये अथवा निघावा यासाठी आपण शक्य ते सगळे केले, हे दाखवता आले तर आपण दोषी ठरत नाही. नोटीस हातात पडल्यानंतर पहिल्या भागाचा आधार पुढच्या दिवसांसाठी उरत नाही, म्हणून आजच संस्थेला फलक काढण्याविषयी लेखी कळवावे, त्या पत्राची प्रत कौन्सिलला पाठवावी, आणि दोन दिवसांनी स्वतः जाऊन पाहावे. नोटिशीत दिलेली मुदत उलटू देऊ नये.

प्रश्न : अर्ज फेटाळला गेला तर अपील करता येते का? आणि दर वर्षी हा सगळा खटाटोप नव्याने करायचा का? – एका मंडळाचे विश्वस्त

उत्तर : अपील प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे करता येते आणि त्यासाठी निर्णय मिळाल्यापासून आठ आठवड्यांची मुदत असते, पण उत्सव अपिलासाठी थांबत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग पुढच्या वर्षापुरताच. आपल्या पत्रात बाजारपेठेतले खांब ओतीव लोखंडाचे, जुन्या घडणीचे असल्याचा उल्लेख आहे. वारसा म्हणून नोंदलेले खांब असतात, लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधले गॅसचे दिवे हे त्याचे उदाहरण, आणि अशा खांबाचे स्वरूप बदलेल असे काही त्यावर बसवायचे तर निराळी लिस्टेड बिल्डिंग संमती लागते. ती न घेणे हा फौजदारी गुन्हा आहे, म्हणून यादी आधी तपासावी.

दर वर्षीच्या खटाटोपाबद्दल : अर्ज करून घेतलेली संमती, वेगळी मुदत लिहिली नसेल तर, पाच वर्षे चालते. मजकुरावर बंधन नसल्याने अर्ज एका उत्सवाच्या नावाने न करता ठरावीक खांब, फलकाचे माप आणि वर्षातला कालावधी यांच्यासाठी करावा. गणेश चतुर्थी इंग्रजी तारखेने दर वर्षी सरकते, कधी ऑगस्टच्या अखेरीस तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते. म्हणून १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर असा पट्टा मागितला तर पाचही वर्षे त्यात बसतात. निर्णयाला साधारण आठ आठवडे लागतात आणि खांबांच्या तपासणीला त्याहून जास्तही लागू शकतात, तेव्हा पुढच्या उत्सवासाठी पहिले पत्र फेब्रुवारीत जायला हवे, आणि तेही खांबांच्या क्रमांकांसह मालकाला.